काय दाखवलं नाही, बाबा?

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला लिहायचं धाडस झालं नव्हतं. आज लिहितेय, कारण मला भीती वाटतेय. इथे अमेरिकेत, या श्रूजबरीत कुणाला सांगू?

उद्या कॉलेजात मला तो दुसऱ्या महायुद्धातला फ्रेंच प्रचारपट शिकवायचाय. पुण्याला आपल्या फिल्म क्लबात तुम्ही दाखवलेलाच! जर्मनांनी फ्रान्स गिळलेला, आणि पडद्यावर काय? पाचशे वर्षांपूर्वीची, चिलखतातली ती शूर पोर आणि तिला जाळणारे दुष्ट इंग्रज. तिला दोषी ठरवणारे पाद्री फ्रेंचच होते, ते गायब. जर्मनांचं तर नावच नाही.

क्लबाचा नियमच होता तुमचा. 'काय दाखवलं नाही?' याचं प्रत्येकाने एक तरी उत्तर द्यायचं, मगच चहा. किती छळायचात हो! शेजारचे काका तर चहापायी काहीही ठोकून द्यायचे.

तोच प्रश्न मी परवा वर्गात एका अमेरिकन युद्धपटावर विचारला. कुणीतरी फोनवर रेकॉर्ड केलं, मागचं-पुढचं कापलं आणि नेटवर टाकलं. खाली लोक लिहितायत, हिला परत पाठवा. माझा व्हिसा या नोकरीवर आहे, बाबा! डीनबाई म्हणाल्या, "उद्या नुसता सिनेमा दाखव, डिस्कशन कॅन्सल कर." तुमची नात इरा म्हणते, "आई, प्लीज, जस्ट स्किप इट." काल बेल वाजली तर मी आधी दिवे मालवले. कुरिअरवाला होता.

तुम्ही कसे नाही घाबरलात? क्लबात एकदा साध्या कपड्यातले दोन पोलीस मागे येऊन बसले होते, आठवतं? तुम्ही त्यांनाही तोच प्रश्न विचारलात, वर स्वतः चहा नेऊन दिलात. हातातली कपबशी खडखडत होती. मी विचारलं, तर म्हणालात, "थंडी वाजतेय गं."

अहो, मे महिना होता! पुण्याचा मे!

आत्ता लिहिताना कळतंय मला. जन्मभर फक्त शूर बाबा दाखवलेत. हे बरं नाही केलंत. ती भीती मला दाखवली असतीत, तर आज इतकं एकटं वाटलं नसतं.

उद्या मी प्रश्न विचारणार आहे. इरा येऊन मागच्या बाकावर बसणार आहे. माझे हात थरथरतीलच. तिने विचारलं, तर थंडी वाजतेय असं नाही सांगणार. वचन.

तुमचीच भित्री,
नंदू