नमुना तीनशे सातचं खरं लेबल

मी, अनुजा गणपतराव इंगवले, वय ६८, वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. राग ठिकाणावर नाही, पण त्याला दाखला लागत नाही. अंमलबजावणी माझी विद्यार्थिनी वल्लरी बिडकर हिने करावी.

१. राहतं घर आणि बँकेत उरेल ते सर्व क्रांतीला द्यावे. ही गगनबावड्याच्या केरबाची मुलगी, पेशाने नर्स. अकरा वर्षं केरबाने मला घाटातलं जंगल दाखवलं. आम्ही साली, पानं, मुळं आणायचो. मी ती सावलीत वाळवून कुटायची, अर्क काढायची आणि रोगजंतूंवर टाकून बघायची. चारशे अकरा झाडं तपासली. बहुतेकांनी जंतूंचं काहीएक बिघडवलं नाही.

२. लोखंडी खलबत्त्यातला खल वल्लरीला. बत्ता माझा भाचा राजस याच्या हातात द्यावा, तो ओळखेल. २०१८ साली याच बत्त्याने मी त्याचा जबडा फोडला. घरच्यांनी जिन्यावरून पडला म्हणून सांगितलं. जिन्याचा काही दोष नव्हता. पहिल्या फटक्यात दोन दात गेले. दुसरा फटका मी विचार करून मारला आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. घरावर त्याने हक्क सांगू नये.

३. असं का, ते लिहिणं भाग आहे. नमुना ३०७ ची साल देवराईतली. तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी उचलत नाही. केरबाने बजावलं होतं, "बाई, हितनं काय न्यायचं न्हाय. देवाचं हाय." तो झऱ्यावर पाणी आणायला गेला आणि मी कोयता चालवला. परत आल्यावर त्याने झाडाच्या जखमेवर ओली माती लिंपली. "आता घेतलीसा तर घेतलीसा. पर कागदावर हितलं नाव घालू नगासा."

आमच्या कामात प्रत्येक झाडाची फांदी वाळवून कागदावर चिकटवतात आणि खाली लेबलावर ठिकाण व तोडणाऱ्याचं नाव लिहितात. चारशे दहा कागदांवर माझं नाव आहे. या एकावर मी भ्याले. गावाला कळलं असतं तर मला पुन्हा घाटात पाऊल ठेवू दिलं नसतं. मी लिहिलं: "ठिकाण: केरबाच्या शेताचा बांध. तोडणारा: केरबा." त्याला हे कधी सांगितलं नाही.

४. ३०७ च्या अर्काने जंतू मेले. काचेच्या बशीत रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ उमटलं. तेव्हा माझ्या हाताखाली काम करणाऱ्या राजसने त्या लेबलाचा फोटो साल विकणाऱ्या एका ठेकेदाराला पाठवला. चौघे जण कुऱ्हाडी घेऊन केरबाच्या बांधावर गेले. ते झाड तिथे नव्हतंच. त्यांनी केरबाचे हात दगडावर दाबून धरले आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने एकेक बोट ठेचलं. दहाही. बायको चिमणाबाई हिला केसांना धरून समोर उभं केलं होतं. केरबाने ठिकाण सांगितलं नाही, तेव्हा त्याच्या डोक्यात घाव घातला. जाताना बांधावरचे आंबे-फणस आडवे करून गेले. केरबा तिसऱ्या दिवशी वारला. ते चौघे तुरुंगात आहेत. राजस मला म्हणाला, "आत्या, मी फक्त फोटो पाठवला." मी तेव्हा साल कुटत होते.

५. ~~देवराईचं खरं ठिकाण लिहिलेलं पाकीट संशोधनासाठी विद्यापीठाला द्यावे.~~ हे कलम रद्द. खाडाखोड माझीच.

६. हे कलम वाचन झाल्यावर जोडत आहे. साक्षीदार म्हणून चिमणाबाईला बोलावलं होतं. वल्लरीने मोठ्याने वाचलं. तिसरं कलम झालं तेव्हा चिमणाबाईच्या अंगठ्याला शाई लावून झाली होती. ती म्हणाली, "म्हंजे आमच्या मालकाचं नाव त्यास्नी तुमीच दिलं." आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. ही थप्पड दडपण म्हणून धरू नये.

पाचव्या कलमाला ती म्हणाली, "धा बोटं ठेचली तरी त्येंनी सांगितलं न्हाय. आन तुमी पेनानं सांगताय व्हय?"

पाकीट मी तिच्यासमोर गॅसवर जाळलं. अर्काची उरलेली बाटली मोरीत ओतली. मी वारल्यावर वल्लरीने बाकीचे कागद कॉलेजला द्यावेत. ३०७ चं लेबल मात्र उद्याच बदलावे, माझ्या मरणाची वाट पाहू नये. त्यावर एवढंच लिहावे:

ठिकाण: सांगणार नाही.
तोडणारी: अनुजा इंगवले.

कोल्हापूर, दि. ९ फेब्रुवारी २०२५

सही: अनुजा गणपतराव इंगवले

आमच्यासमोर सही केली म्हणून साक्ष:

१. वल्लरी बिडकर (सही)

२. चिमणाबाई केरबा पाटणकर (अंगठा. दुसऱ्यांदा शाई लावायला ती नको म्हणाली, म्हणून ठसा फिकट आहे. बाकीची शाई माझ्या गालावर आहे.)