लातूरच्या जागेची तडजोड

३ जून २०२५
समीक्षा घरी आली. आमची पोरगी, नांदेडला कॉलेजात तासावर शिकवती. दोन देश भांडले तर मिटवायचं कसं, ह्याच्यावर पीएचडी केली. म्हणलं, त्याला एवढी पुस्तकं कशाला? बसवा, चहा पाजा, मिटल्याबिगर उठू देऊ नका. कंधार तालुक्यात मी असे कितीक मामले मिटवले. नुसती हसली.

५ जून
लातूरच्या एका कॉलेजात पर्मनंट जागा. तिच्या विषयाची एकच. दोघंच उरलेत, ती अन् चाकूरच्या मलप्पाचा पोरगा. सोमवारी शेवटचा इंटरव्ह्यू. पोरगी सारखी वाचून राहिली. नागुबाई म्हणाली, तुमी मधी पडू नका. बायकोला ह्यातलं काय कळतं.

७ जून, सकाळी
चाकूरला निघालो. पोरीला बोललो न्हाई. मलप्पाला माघार घ्यायला लावतो. तासाभराचं काम.

७ जून, संध्याकाळी
फैसला झाला. मलप्पा माणूस सरळ. रडलाच. म्हणला, सुदामराव, पोराचं लग्न ह्या नोकरीपायी अडलंय, अन् तुमच्यासारखा न्यायी माणूस दोन जिल्ह्यांत न्हाई. खरं हाय ते. मला टोपी-टॉवेलाचा आहेर केला त्यानं. ठरलं असं: ही जागा त्याच्या पोराला, पुढची समीक्षाला. मी जबान दिली. तिथूनच कॉलेजच्या सेक्रेटरीला फोन लावला, यादीतनं पोरीचं नाव काढा म्हणलं. तो लई खूश. म्हणला, आमचा बी ताप वाचला.

८ जून
पोरीला सांगणार व्हतो. पर वाचत बसली व्हती. ऊन बी लई.

९ जून
पहाटेच्या एसटीनं लातूरला गेली. पाया पडाया आली तवा मी जागाच व्हतो. डोळे मिटून पडलो.

दुपारीच माघारी. म्हणाली, बाबा, तिथं म्हणले तुमच्या वडलांनीच नाव काढलं. मी पुढच्या जागेचा करार समजावून सांगितला. म्हणाली, ती जागा हा पोरगा रिटायर झाल्यावर निघंल. तो एकतीसचा हाय, मी पस्तीसची.
हे मलप्पानं सांगितलं न्हाई.
नागुबाई म्हणाली, गावात दोन्ही बाजू बोलावता. हितं पोरीला इचारलं बी न्हाई.

१२ जून
समीक्षा नांदेडला गेली. तास सुरू व्हायला अजून येळ हाय, तरी गेली. नागुबाईला म्हणलं, फोन लाव, मी समजावतो. लावला. पोरीनं इचारलं, बाबा, जेवले का? म्हणलं, जेवलो.
नागुबाईकडं फोन दिला.