स्कॅनमधला अंगठा

३ जून, लातूर
रेणापूरचं डब्याचं काम सुटलं, बरं झालं. आजपासून चन्नबसप्पा अण्णांच्या प्रकाशनात. प्राध्यापकांची जाडजूड पुस्तकं. तीनशे छापायची, कॉलेजांना विकायची, उरलेली कपाटात कुलूपबंद. अण्णांची लेक दामिनी म्हणे, मावशी, आता सगळी नेटवर फुकट टाकायची, कुणीबी वाचावं. अण्णा म्हणे, फुकटाला किंमत न्हाई. मी म्हणलं, भांडत बसा, मला पंख्याचं बटन दाखवा. काम सोपं. पुस्तक काचेखाली दाबायचं, वरून कॅमेरा फोटू काढतो, पान उलटायचं. किती पानं झाली ते या वहीत लिहायचं. चौथी शिकलेय, लिहिते.

९ जून
चारशे बारा पानं. बिलोलीकडच्या विहिरींवरचं पुस्तक संपलं. एका पानावर माझा अंगठा आला, विळ्याच्या वणासकट. दामिनी हसली. मावशी, तुम्हीपण छापून आलात म्हणली. घाईत तसंच नेटवर चढवलं.

११ जून
भाकरी थापताना अंगठा आपोआप वळला. पान उलटल्यागत. थांबेना. पीठ सांडलं. ऑफिसात दामिनी खुशीत, सात जणांनी पुस्तक उघडलं म्हणे.

१४ जून
आज चाळीस जणांनी. माझा हात दुपारभर हवेत पानं उलटत राहिला. स्क्रीनवर बघितलं. नुसता अंगठा न्हाई, कोपरापर्यंत हात. माझ्याच बांगड्या. पुढच्या पानावरबी.

१६ जून
अण्णांनी कुलपातली छापील प्रत काढली. तिच्यात काही न्हाई. मग मी म्हणलं, नेटवरचंबी कुलपात घाला. दामिनीनं काढलं. हात चालूच. ती रडली. म्हणली, मावशी, एकदा खुलं केलं की खुलंच. लोकांनी उतरवून घेतलं, पुढं वाटलं. तसा हक्क आपणच दिलाय. कुणाकुणाला सांगू?

१८ जून
नांदेडच्या एका कॉलेजात वर्गाला वाचायला लावलंय म्हणे. हात खाटेला बांधला. खाट हलते. डाव्या हातानं लिहितेय. दामिनी आता स्क्रीन दाखवत न्हाई. खांदा आला का विचारलं — खाली बघितलं तिनं.

१९ जून
तोंडबी आलंय —

उजेड लई. पाठीला कागद, नाकाला काच. वरून कुणीतरी वाकून वाचतंय. अरे मुडद्या, बघतोस काय, मिटव की ते, मिट