मथुराबाईंच्या मापाचा कागद

प्रिय उर्वशी,

सोबतची गुंडाळी आधी उघडू नकोस. पत्र वाच, मग उघड. तुझा उतावळा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि तो कोणाकडून आलाय हेही ठाऊक आहे. निजामुद्दीनभाई शिलाई मशीनचे सुटे भाग आणायला नागपूरला निघालेत, त्यांच्याच हाती पाठवतेय. फोनवर हे सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा तुझ्या मेसचं जेवण विचारून फोन ठेवला.

परवा एवढं तरी विचारलं, हल्ली काही चित्रं काढतेस की नाही? तू म्हणालीस, ते खूळ दिग्रसलाच राहिलं. अगं, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. काल एका परकराला नेफा दोनदा घातला.

तुझा तो फॅशनवाल्यांच्या स्पर्धेचा कार्यक्रम पुन्हा सुरू झालाय. काज-बटणं करता करता मी एकटीच बघते. यंदाच्या पोरांना शिवण कमी आणि रडणं जास्त येतं. तुझ्या त्या लांब वेणीवालीसारखी त्यांच्यात एकही नाही. आठवतं, वेळ संपला आणि तिच्या झग्याची खालची दुमड तशीच राहिली म्हणून तिला घरी पाठवलं, तेव्हा तू ताटावरून उठली होतीस? घरातलं माणूस गेल्यासारखी काय रडतेस, म्हणून मी हसले. मनात मात्र म्हटलं, मला दहा मिनिटं तिथे चढू द्या, दुमड मी घालते.

ती दुमड तू घातलीस. बारावीची पुस्तकं बाजूला सारून चार दिवस माझ्या कटिंगच्या खाकी कागदावर रंग घेऊन बसलीस आणि वेणीवालीच्या अंगावर तिचाच झगा पुरा करून दिलास. गळ्याभोवती फुटलेली कपाशीची बोंडं काढलीस, कारण हे चित्र कापसाच्या गावाहून आलंय हे तिला कळायला हवं होतं म्हणे. चाहत्यांनी काढलेली चित्रं ती दर रविवारी इंटरनेटवरच्या आपल्या पानावर लावायची. तूही रविवारी चांगल्या उजेडात फोटो काढून पाठवणार होतीस. आणि शनिवारी चित्र गायब.

पलंगाखाली, धान्याच्या कोठीमागे, कुठं कुठं शोधलं आपण! उंदरांनी नेलं असेल, असं मीच म्हटलं. तू पिंजरा लावलास. आठवडाभर त्यात काही सापडलं नाही. मग तू रंगांचा डबा माळ्यावर टाकलास, फार्मसीला गेलीस, आणि पोरगी शहाणी झाली असं मी सगळ्यांना सांगत सुटले.

मागच्या आठवड्यात मथुराबाई पुतणीच्या लग्नासाठी ब्लाउज टाकायला आल्या. खिळ्यावरून त्यांच्या मापाचं कागदी कटिंग काढलं, तर ते कुठूनच पुरेना. "अशी काय पाहून राह्यली वो ममता? दोन वर्षांत माणूस तसाच राह्यते काय?" म्हणाल्या. नवं माप घेतलं, जुनं कटिंग मोकळं झालं. तेच गुंडाळीत आहे.

उर्वशी, ते उलटं करून बघ. उंदीर नव्हते गं, मीच होते. चित्र चुरगळू नये म्हणून तू ते कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात पालथं ठेवलं होतंस. तेव्हाही मथुराबाईंना ब्लाउजची घाई होती. पाठ, पुढचे भाग, बाह्या, सगळं कापून झाल्यावर मला रंग दिसले. सांगायचं धाडस झालं नाही, आणि तुझ्यासोबत वाकून वाकून शोधत राहिले. त्याची मला फार लाज वाटते. आता सगळे तुकडे मशीनवर जोडलेत. कागद फाटू नये म्हणून भाईंनी दोरा सैल करून दिला. "भाभी, इतकं मस्त चित्र, कापलं कोणं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा पहिल्यांदा खरं बोलले. फक्त गळ्यासाठी कापून काढलेला तुकडा तेव्हाच केरात गेला, आणि वेणीवालीचा चेहरा नेमका त्यातच होता. तिथे मी कोरा कागद शिवलाय. तुझा रंगांचा डबा भाईंच्या पिशवीत आहे. लाल वाळला होता, तो नवा घातलाय. मला शिवण येते, चेहरा येत नाही. तो तू काढ.

तुझीच,
आई