बॉनेटवरील हाताबाबत खुलासा

आदरणीय दादासाहेब यांस,

नमस्कार. (तो वाकून केला असे कृपया मानावे. गाडीच्या दरवाज्यांच्या खालच्या कडा पुसून पुसून माझ्या कंबरेला पट्टा लागला आहे. त्यामुळे माझे वाकणे काही काळ कागदावरच होईल.) आपली प्रकृती, वहिनींचा गुडघा आणि आपल्या घरासमोरचा रस्ता, या तिन्हींची सद्यःस्थिती कशी आहे? रस्त्याची चौकशी मी उगाच केलेली नाही. तिच्याकडे पुढे येईनच.

काल फोनवर आपण मला एकच प्रश्न विचारलात. "तुम्ही माझ्या बहिणीला पाडलंत, हे खरं का?" मी तोंड उघडतो न उघडतो तोच आपण बजावलेत, "हो की नाही, तेवढंच सांगा." आपले आयुष्य वकिलीत गेले, तेव्हा समोरच्या माणसाला होय आणि नाहीच्या चिमट्यात धरणे आपल्याला सहज जमते. माझे आयुष्य प्रयोगशाळेत, धातूंच्या पृष्ठभागावरचे ओरखडे वाचण्यात गेले. ज्या प्रश्नाचे उत्तर होय आणि नाही असे दोन्ही येते, तो प्रश्नच नीट मांडलेला नाही, असे मी विद्यार्थ्यांना शिकवीत आलो. ते आपल्याला शिकवण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु आपली बहीण आपल्या घरी येऊन बसली आहे, माझा फोन घेत नाही, आणि वहिनींकरवी "गाडीजवळच राहा म्हणावं" एवढाच निरोप धाडते. ती परत येणार की नाही, हे आपल्या शब्दावर ठरेल अशी माझी समजूत आहे. म्हणून घडले ते क्रमाने मांडतो. क्रम बिघडला की माझ्या बाजूने बोलणारे काही उरत नाही, हे मला ठाऊक आहे.

बाब पहिली. गाडी नवी आहे आणि काळी आहे. काळा रंग माझ्या निवडीचा नव्हे. काळ्या रंगावर धूळ, पाण्याचा डाग, कापडाचा ओरखडा, काहीच लपत नाही, हे मी दुकानात उभे राहून सविस्तर सांगत होतो. (विक्रेत्याने मध्येच खुर्ची आणून दिली, ती मी नाकारली.) आपली बहीण सगळे ऐकून म्हणाली, "तुम्हाला आजवर कुठला रंग पसंत पडलाय, तो एक सांगा. तो घेऊ." मी विचार करू लागलो. विचार पुरा व्हायच्या आत विक्रेत्याने "काळा" असे लिहून घेतले, आणि लिहिताना तो हसत होता. त्या इसमाने नंतर किल्ली माझ्या हाती देताना ती बॉनेटवरून सरकवत दिली. सूक्ष्मदर्शकाखाली बॉनेट घालता आले असते तर त्या सरकवण्याची खूण आजही दिसली असती.

बाब दुसरी, धुणे. आमच्या इमारतीत एक मनुष्य पहाटे येऊन सगळ्यांच्या गाड्या धुतो. त्याच्याजवळ एक बादली आणि एकच फडके असते. म्हणजे पहिल्या गाडीची वाळू दुसरीला, दुसरीची तिसरीला, अशी ती शेवटच्या गाडीपर्यंत इमानेइतबारे पोहोचवली जाते. आमचे शेजारी दंतवैद्य ह्या व्यवस्थेवर संतुष्ट आहेत. (त्यांच्या गाडीच्या दारावर एवढा खड्डा आहे की त्यात पावसाचे पाणी साठते. दुसऱ्यांच्या दाढांतला बारीक खड्डा ह्या गृहस्थाला दिसतो!) मी त्या धुणाऱ्याला आमच्या गाडीला हात लावू नकोस असे सांगितले. तो म्हणाला, "साहेब, गाडी आहे ती, चष्म्याची काच नाही." मी म्हणालो, चष्म्यालाही मी कोणाला हात लावू देत नाही. तेव्हापासून तो आमच्या गाडीजवळून जाताना दोन्ही हात मागे बांधून जातो आणि बाकीच्यांकडे बघून डोळे मिचकावतो.

माझी पद्धत अशी. बादल्या दोन: एकीत साबणाचे पाणी, दुसरीत हातमोजा खळबळून घ्यायला स्वच्छ पाणी. धुणे वरून खाली. हात सरळ रेषेत, गोल कधीच नाही. पुसताना कापड घासायचे नाही, नुसते अंथरायचे आणि उचलायचे. छताचे कापड निराळे, दारांचे निराळे, चाकांचे निराळे, आणि त्यांनी एकमेकांचे तोंड पाहायचे नाही. गाडीच्या आसपास अंगठी, घड्याळ, पट्ट्याचे बक्कल वर्ज्य. आपल्या बहिणीच्या शिवणवर्गाची कात्री दिवसभर तिच्या कमरेला लटकत असते; ती उतरवून ठेवल्याशिवाय गाडीच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाही, असे मी सौम्य शब्दांत सुचवले होते. एकदा तिने छताच्या कापडाने शिवणयंत्राचे तेल पुसले. मी दुपारभर काही बोललो नाही. (संध्याकाळी बोललो.) ती म्हणाली, "अगंबाई, राणीसाहेबांचा पंचा होता होय? चुकलं हो माझं." ह्या वाक्यात पश्चात्ताप कितपत होता, ते आपण तिचे थोरले बंधू असल्याने माझ्यापेक्षा जास्त ओळखाल.

बाब तिसरी, लेप. हा काचेसारखा पातळ द्रव असतो. तो रंगावर लावून लगेच पुसून घेतला की उरलेला थर हळूहळू कठीण होतो आणि पुढे धुळीपासून रंगाचे रक्षण करतो. मात्र तो कठीण होईपर्यंत त्याला पाणी, धूळ, बोट, कशाचाही स्पर्श होता कामा नये. त्या वेळात जे उमटेल ते राहते. आता आपण विचाराल (आणि विचारायलाच हवे) की हे काम आपल्या सत्काराच्याच दिवशी सकाळी कशाला काढले? त्याचे कारण आपला रस्ता. आपल्या घरासमोर खोदकाम चालू आहे, खडी पसरली आहे, असे वहिनींनीच कळवले होते. नव्या गाडीतून तुम्हा सर्वांना सभागृहात नेण्याचे वचन माझे होते, ते मी नाकारीत नाही. त्या खडीतून उघड्या अंगाने गाडी न्यायची नाही, एवढाच माझा हेतू होता. उजाडता उजाडता काम संपायचे होते. परंतु छतावरचा पहिला हात मला समान वाटला नाही, म्हणून तो पुसून दुसरा दिला. मग दारे. बॉनेट शेवटी.

चौथी बाब लिहिता येत नाही, कारण यानंतर क्रम असा राहिला नाही. सगळे एकदमच झाले.

आपली बहीण खाली आली. रेशमी साडी, पायांत गुळगुळीत तळाच्या नव्या चपला, आणि डाव्या हातात हँगरला लावलेला आपला कोट. तो तिने आपल्या सत्कारासाठी स्वतः शिवला होता आणि खांदा मनासारखा बसेना म्हणून उसवून पुन्हा शिवला होता. "निघायचं ना? दादा वाट बघत असेल," असे ती म्हणाली. मी नुकताच बॉनेटवरचा शेवटचा हात पुरा करून मागे सरलो होतो. फरशीवर माझ्याच बादल्यांचे साबणपाणी होते. तिचा पाय सरकला. कोट ओला होऊ नये म्हणून तिने डावा हात वर नेला, आणि तोल सावरायला उजवा हात टेकला तो बॉनेटवर.

मी ओरडलो. काय ओरडलो, ह्याविषयी आपल्याकडे निरनिराळ्या कथा पोहोचल्या असतील. माझे शब्द हे होते: "हात! अगं, हात काढ आधी!"

तिने हात काढला.

दादासाहेब, ती ज्या आधारावर उभी होती तोच तिने माझ्या सांगण्यावरून सोडला, आणि त्याचा परिणाम म्हणून ती त्या साबणपाण्यात खाली बसली. कोट मात्र हवेतच होता, कोरडा. आपण तो सत्काराला घातलात असे कळते. त्यावर एक थेंबही नसेल. मी त्या क्षणी बॉनेटकडे पाहिले आणि तिने कोटाकडे. तिच्याकडे पाहणारे तिथे कोणी नव्हते.

माझा युक्तिवाद असा होता (तो मी जागेवरच तिच्यापुढे मांडला, तो मांडायला नको होता असे दंतवैद्यांचे मत पडले), की हात बॉनेटवर होता त्याअर्थी ती पडलेली नव्हती, ती पडलेली नव्हती त्याअर्थी लागण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता, आणि हात काढल्यावर जे झाले ते पडणे नव्हे, ते सावकाश बसणे होते. ती उठली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "काढला हं हात." एवढेच. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मग भिजल्या साडीने ती तशीच दंतवैद्यांच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "भाऊ, मला दादाकडे सोडता का? तुमच्या गाडीला टेकलं तर चालतं ना?" तो भला गृहस्थ म्हणाला, "ताई, टेका, झोपा, काय वाटेल ते करा." आणि त्या खड्डा पडलेल्या गाडीतून ती गेली. मी मागून निघायला हवे होते. लेप ओला होता. हे कारण तेव्हा मला पुरेसे वाटले. आपल्या सत्काराला माझी खुर्ची रिकामी राहिली, त्याबद्दल क्षमस्व.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. पाडले, नाही. तिला आधार सोडायला लावला, होय. दोहोंत कायद्याने फरक असेल. घरात तो मला सापडत नाही.

वहिनींना नमस्कार. शिवणवर्गाच्या मुली येऊन दार वाजवतात आणि बाई कधी येणार म्हणून विचारतात. मी त्यांना नक्की सांगू शकत नाही, आणि नक्की न सांगण्याची मला सवय नाही.

आपला,
मेहुणा

ता. क. तो हात बॉनेटवर उमटला आहे. लेप कठीण झाला, त्यात पाचही बोटे आणि तळवा तसाच राहिला. समोरून दिसत नाही, तिरप्या उजेडात दिसतो. पॉलिश करणारा येऊन गेला. म्हणाला, "दोन मिनिटांचं काम, घासून टाकतो." त्याचे यंत्र सुरू होण्याच्या आत मी त्याला परत पाठवले. यंत्राची गादी अस्वच्छ होती. (तशी ती बरीच स्वच्छ होती.)

आणखी एक. काल दुपारी ऊन तिरपे असताना मी भिंग घेऊन तो ठसा पाहिला. पृष्ठभाग वाचणे हा माझा धंदाच आहे. नुसता टेकलेला हात बोटांच्या टोकांशी जास्त उमटतो. हा तळव्याच्या मुळाशी, मनगटालगत, सगळ्यात ठळक आहे, आणि तिथून करंगळीच्या बाजूला पिळवटत सरकला आहे. म्हणजे अंगाचा सगळा भार त्या मनगटावर आला होता आणि ते मुरगळले होते. मी हात काढ म्हणालो, तो ह्या स्थितीतला हात होता. ही बाब माझ्या क्रमात पहिली यायला हवी होती.

शेवटचे. ती वहिनींना, आपल्याला, सगळ्यांना "मी बरी आहे" म्हणत असणार. दाढ किडली होती तेव्हाही ती हेच म्हणत होती, आणि शेवटी दंतवैद्यांनी मला बोलावून दाखवले. म्हणून तोंडी उत्तर मला मान्य नाही. "मनगट दुखतं का?" ह्या माझ्या प्रश्नाचे उत्तर तिने स्वतः, उजव्या हाताने, लिहून पाठवावे. आपण लिहू नये, वहिनींनी लिहू नये. मजकूर काय, ह्याला महत्त्व नाही. मला शिव्या घातल्या तरी चालतील, फक्त जरा लांब घालाव्यात. तिचे अक्षर मी ओळखतो. कुठे रेघ कापली, कुठे हात थांबला, ते मला वाचता येईल, आणि एक जरी काना वाकडा दिसला तरी मी गाडी घेऊन निघेन. रस्ता खणलेला असो, खडी असो, वरून ओले डांबर असो. उत्तर लेखीच हवे.