काटा हलला होता

बाबा, हे पोस्टात पडणार नाही, म्हणूनच उघड लिहिते. तुम्ही गेलात त्या दुपारी तुमच्या बोटांत मीटरच्या वायरी मीच धरवल्या होत्या.

तो वीज तपासायचा, काट्याचा जुना मीटर आपण वर्ध्याच्या भंगारवाल्याकडून आणला होता. सेलूतल्या आपल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाला नवा कुठला परवडायला! तो भंगारवाला म्हणाला, "सेल नाईत त्यात, पण चालू हाये, घेऊन जा." तुम्ही हसलात. असल्या सौद्याला तुम्ही घरचे सेल खिशात घेऊन जायचात. सेल टाकले, काटा शून्यावर आणला, अन् लाल-काळ्या वायरींची टोकं दोन्ही हातांच्या चिमटीत धरली. काटा हळूच उठला. "पाह्य पोरी, मी जिता हाय म्हून हा हालला. मेल्याले हा हालत नाई." परतताना एसटीत मी पाच-सहा वेळा स्वतःला तपासलं, तेव्हा तुम्ही खेकसलात, "सेल उतरवतं का माये?"

दोन वर्षांनी दुकानातच तुम्ही टेबलावर मान टाकली. डॉक्टर नाडी पाहून गेले. शेजारचे तयारीला पळाले. राहिलो आई अन् मी. मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी मीटर ओढला. तुमची बोटं अजून ऊन होती. काटा उठला. वर्ध्याला उठला होता तितकाच.

"आई, बाबा जिते हायेत!"

मग आई कोणाला हात लावू देईना. मी वायरी धरून, अन् ती तुमच्या कानाशी. "तुमच्या बहिणीले म्या उंबऱ्यावरून परत धाडलं, माहं चुकलं." मधेच मला म्हणे, "ऐकून राह्यले ते. काटा पाह्य." लोक दारात उभे, पण आत यायला कोणी धजेना. शेवटी मामानं मीटर हिसकला. तोवर काटा खाली आलाच नव्हता.

आई पुढं कायम सांगायची, "जाता जाता त्यायनं माहं सारं ऐकलं." मी मात्र आतून सडत होते. जित्या बापाला जाळलं की काय आपण? जेवणावरची वासना उडाली माझी. एक दिवस बाजारातून बकऱ्याचा पाय आणला, शटर पाडलं अन् टोकं लावली. काटा उठला, तुमच्यापेक्षाही जास्त. त्याला नुसता ओलावा लागतो बाबा, जीव नाही. मी ढसाढसा रडले, अन् तुमचा असा राग आला म्हणून सांगू! पण आईला सांगायला तोंड उघडलं नाही. तिच्याजवळ तेवढंच तर होतं.

गेल्या महिन्यात आई गेली. मी चहा घेऊन आले तर अंथरुणात तिचा श्वास नव्हता. सगळं माहीत असून मी मीटर आणला. काटा उठला. "आई, ऐकून राह्यली ना?" म्हटलं, अन् बोलतच सुटले. माझ्या लग्नाचं बोलले, तिला लावलेल्या बोलांचं बोलले, काही म्हणून ठेवलं नाही.

बकऱ्याच्या पायाचं तेवढं तिला तेव्हाही सांगितलं नाही.