यांची सही

४ मार्च २०२५

अंकुशनं हरकत घेतली! माझ्याच मुलानं. पुण्यात बसून, वकिलामार्फत – मृत्युपत्रावरची सही वडिलांची नाही म्हणे. मग केली कोणी? आईनं? तेवढं लिहायचं फक्त राहिलं.

हे जाऊन सात महिने झाले. मृत्युपत्र साधं आहे – मौद्याचा प्लॉट अंकुशला, इंदोऱ्याचं हे घर दामिनीला, मी आहे तोवर माझाही राहायचा हक्क. दामिनी माझ्या बहिणीची. दीड वर्षाची आणली, आता छत्तीसची आहे. दत्तकाचा कागद केलाच नाही. "आपल्या लेकराला कागद कशाला?" हे म्हणायचे. मी बी.ए. झालेली, मीही मान डोलावली.

७ मार्च

वकीलबाई म्हणाल्या – मृत्युपत्र टिकलं नाही तर अर्धं घर माझं, अर्धं अंकुशचं. दामिनी कायद्याला दिसतच नाही. तीन खोल्या! त्या अर्ध्या कशा करणार? विकूनच. पुढच्या खोलीत तिचा शिलाई क्लास आहे. यांचं शेवटचं सगळं तिनंच केलं.

अंकुशला फोन लावला. "आई, आता कोर्टात बोलू." ठेवला.

१५ मार्च

साक्षीदारानं कोर्टात उभं राहून सांगावं लागतं – सही माझ्यासमोर झाली. दोघांपैकी गोपाळराव दिवाळीत वारले. उरल्या शेजारच्या कुसुमताई.

आणि कुसुमताईंनी काही पाहिलेलंच नाही.

लिहूनच टाकते. सहीच्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "येऊ का वं घरी?" मी म्हटलं, नको. यांना लघवीची पिशवी लावलेली. लकव्यानं तोंड वाकडं झालेलं. कडक इस्त्रीशिवाय फाटकाबाहेर न पडलेला माणूस – लोकांनी त्यांना तसं पाहू नये! यांनी सही केल्यावर कागद मीच घेऊन दोन घरं फिरले. पंधरा मिनिटांत काम उरकलं म्हणून खूषही होते.

दोन माणसं खोलीत घेतली असती तर!

३ जून

दामिनीनं क्लासला नव्या मुली घेणं थांबवलंय. मी विचारलं नाही.

२० ऑगस्ट

कुसुमताईंकडे गेले. सरळ सांगितलं – सही झाली तेव्हा मी खोलीत होते, असं म्हणा.

"मी त ओट्यावर सही केली. तूच चष्मा आणून देल्ला मले."

"माहीत आहे."

"मंग खोटं काहून बोलू? रोज पंचशील म्हणून राहिलो आपण दोघी. चौथं शील काय आता कोर्टाबाहेर ठेवून यायचं?"

"दामिनीचं घर जाईल, कुसुमताई."

बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग – "मास्तरीण आहेस ना? शिकव मंग."

खोटं बोलणाऱ्या पोरींना मी तीस वर्षं वर्गाबाहेर उभं केलं.

२ सप्टेंबर

रोज तासभर तोंडी परीक्षा. पलंग खिडकीजवळ. अंगात निळा सदरा. मांडीवर जाड वही, तिच्यावर कागद. दुपारचे चार. चुकत नाहीत. "पास होईन का वं?" म्हणून हसल्या. मला हसू आलं नाही.

सकाळी वंदना म्हणताना चौथ्या शीलाशी दोघी गप्प झालो. मग पाचवं म्हटलं.

११ सप्टेंबर

संपलं.

कुसुमताईंनी शपथ घेतली. पलंग, खिडकी, सदरा – सगळं बरोबर. अंकुश मागच्या बाकावर, माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या वकिलानं मऊ आवाजात विचारलं, "आजी, सही कोणत्या हातानं केली?"

"उजव्या! अजून कोणत्या?"

त्यानं कागद वर धरला. दवाखान्याचा. मीच दिलेला – यांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं हे दाखवायला! त्यातच खाली लिहिलेलं – उजवा हात निकामी.

सही यांनी डाव्या हातानं केली होती. तीन दिवस पाटीवर गिरवून, लहान पोरासारखी.

सगळं शिकवलं, हात तेवढा राहिला. कसा शिकवणार? कोणालाच कळू दिला नव्हता. हे अंथरुणावर होते ते सहा आठवडे अंकुश रोज फोनवर विचारायचा, येऊ का? मी म्हणायचे, साधा अशक्तपणा आहे, सुटी कशाला घालवतोस. दामिनीलाही ताकीद होती.

ऑटोत कुसुमताई एवढंच बोलल्या, "जजनं मले विचारलं वं – आजी, खोटं बोलता का? या वयात."

१२ सप्टेंबर

सकाळी अंकुशचा फोन. वाट्टेल ते ऐकायची तयारी ठेवून उचलला.

"बाबांचा हात गेला होता?"

"हो."

"म्हणून सही तशी? ती बाबांचीच होती?"

"हो."

मग त्याचा आवाज, पुण्याचा नव्हे, लहानपणचा –

"मले काहून नाही सांगितलं वं आई? मी आलो असतो."